आवड आपली आपली

माणसाला त्याचं वय विचारावं, पगार विचारावा, अगदी सासुरवाडीबद्दलचं मत विचारावं; तो थोडंफार खरं सांगेल. पण ‘तुमचं आवडतं पुस्तक कोणतं हो?’ असं विचारून बघा. माणूस एकदम सावध होतो. घसा साफ करतो, चष्मा पुसतो, छताकडे बघतो आणि मग एका पुस्तकाचं नाव घेतो. ते त्याचं आवडतं पुस्तक असेलच असं नाही. ते त्याला शोभणारं पुस्तक असतं.

ही सवय आपल्याला शाळेतच लागते. ‘माझे आवडते पुस्तक’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला की पन्नास मुलांच्या वर्गात पन्नास जणांना ‘श्यामची आई’च आवडायचं. आता, साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेल्या त्या पुस्तकाची थोरवी मला मान्य आहे. ते वाचून ज्याचे डोळे ओले झाले नाहीत त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं. पण निबंध लिहिणाऱ्या त्या पन्नासांपैकी निदान चाळीस जणांच्या दप्तरात, भूगोलाच्या वहीखाली, बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार नाहीतर काळा पहाड दबा धरून बसलेला असायचा. त्याच्यावर निबंध लिहायची हिंमत एकालाही झाली नाही. काळा पहाड बँका, तिजोऱ्या, तळघरं यांना घाबरत नसे. पण मराठीच्या मास्तरांपुढे तोही दप्तराबाहेर यायला तयार नव्हता.

पुढे मुलगी बघायला जायची वेळ आली की हाच पेपर तोंडी द्यावा लागायचा. कांदेपोह्यांच्या बशा पुढे आल्या की कोणीतरी मामा हटकून विचारायचे, “वाचनाची आवड आहे का?” यावर ‘नाही’ म्हणणारी मुलगी किंवा मुलगा अजून जन्माला यायचा आहे. “काय वाचता?” या पुढच्या प्रश्नाला ‘ययाति’, ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’ ही तीन उत्तरं ठरलेली. तिन्ही कादंबऱ्या दमदार, तिन्ही १९५९ ते १९६७ या काळात आलेल्या. त्यांच्या भरवशावर महाराष्ट्रात किती लग्नं जमली असतील याची गणती कोणी केलेली नाही.

तर माझं म्हणणं असं की प्रत्येक मध्यमवर्गीय माणसाकडे आवडीच्या दोन याद्या असतात. एक कपाटातली आणि दुसरी उशाखालची. कपाटातली यादी काचेआड असते. पाहुणे आले की ती दिसते. तिच्यातली पुस्तकं कोरी करकरीत असतात आणि त्यातली बरीचशी लग्नामुंजीत आहेर म्हणून आलेली असतात. उशाखालच्या यादीतल्या पुस्तकांना मुखपृष्ठ उरलेलं नसतं, चौसष्टाव्या पानावर चहाचा गोल डाग असतो आणि मधल्या पानांत लाइटच्या बिलापासून मोरपिसापर्यंत काहीही सापडतं. ताप आला, नोकरीत बढती हुकली किंवा घरात भांडण झालं की आपला हात कपाटाकडे जात नाही. तो उशाखाली जातो.

या दोन याद्यांतला फरक पुरता ठाऊक असलेला एकच इसम म्हणजे वाचनालयातला देवघेव सांभाळणारा गृहस्थ. न्हाव्याला टक्कल आणि याला आवड लपवता येत नाही. आमच्या वाचनालयात एक निवृत्त हेडमास्तर यायचे. सभेत बोलायला उभे राहिले की कालिदासाच्या खाली उतरायचे नाहीत. वाचनालयातून मात्र दर दोन दिवसांनी एक रहस्यकथा वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे. “नातवासाठी हो,” असं न विचारता सांगायचे. नातू तेव्हा आठ महिन्यांचा होता.

सिनेमाच्या बाबतीत तर ही लपवाछपवी आणखी गमतीची. गुरुदत्तचा ‘कागज के फूल’ १९५९ साली आला. आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तो पडला, आणि असा पडला की त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून आपलं नाव पुन्हा पडद्यावर लावलं नाही. आज त्या चित्रपटाला सगळे अभिजात म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण माझ्या ओळखीतला प्रत्येक बुजुर्ग सांगतो, “आम्ही तो पहिल्याच आठवड्यात पाहिला होता. तेव्हाच म्हटलं, काय चीज आहे!” एवढे सगळे जण पहिल्या आठवड्यात गेले होते, तर थिएटरं रिकामी का होती?

याच्या उलट ‘जय संतोषी माँ’. १९७५ साली, म्हणजे ‘शोले’ आला त्याच वर्षी, हा बेताच्या खर्चातला चित्रपट तुफान चालला. लोक थिएटरात शिरण्यापूर्वी चपला बाहेर काढायचे, आरती सुरू झाली की पडद्यावर नाणी उधळायचे. पण आमच्या बैठकीत तुम्ही विचारून बघा. एकानेही तो पाहिलेला नाही. एकाच्या बायकोने पाहिलाय, एकाच्या आईने पाहिलाय, एक जण तिकिटं काढून देऊन परत आला. मग दारातल्या त्या चपलांच्या राशीत पुरुषांच्या चपला कोणाच्या होत्या, हा प्रश्न मी अजून धसास लावलेला नाही.

बरं, आवड लपवणारे परवडले. आपली आवड दुसऱ्यावर लादणाऱ्या माणसाच्या हातात अधिकार आला म्हणजे काय होतं, तेही या देशाने पाहिलंय. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे १९५२ साली माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. आपल्याच पुण्याचे, विद्वान, शास्त्रीय संगीताचे मोठे भोक्ते. सिनेमाची गाणी त्यांना उथळ वाटायची. वाटू द्यात, तो त्यांचा हक्क. पण त्यांना वाटलं म्हणून आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. देशाने काय केलं? मोर्चा काढला नाही, उपोषण केलं नाही. रेडिओची खुंटी फिरवली आणि तो समुद्रापलीकडे सिलोनला जाऊन बसला. त्याच १९५२ साली तिथून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि बुधवारची संध्याकाळ रेडिओला वाहिली गेली. अखेर १९५७ साली आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. माणसाच्या कानाला हुकूम देता येत नाही, एवढं यातून सिद्ध झालं.

सिलोनचं नाव निघालं की मला आमचे सैगलकाका आठवतात. अख्ख्या जगात एकच यादी बाळगणारा आणि ती गच्चीवरून ओरडून सांगणारा हा एकच माणूस मी पाहिला.

दादरच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत राहायचे. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पोस्टमनसुद्धा त्यांना सैगलकाकाच म्हणायचा. सिलोनवर सकाळी साडेसातला जुन्या चित्रपटगीतांचा कार्यक्रम लागायचा आणि त्यातलं शेवटचं गाणं रोज कुंदनलाल सैगलचंच असायचं. सात सत्तावन्नला ते सुरू व्हायचं. त्याआधी काकांची आंघोळ, पूजा, कपडे सगळं उरकलेलं असे. त्या तीन मिनिटांत ते बोलत नसत, हलत नसत. शॉर्टवेव्हवर सिलोन अधूनमधून समुद्रात बुडी मारायचं, तेवढ्यापुरता काकांचा श्वासही अडकायचा. गाणं संपलं की पायात चपला आणि आठ सतराची लोकल. अख्खी चाळ त्यावर घड्याळं लावायची. एकदा काकू त्या तीन मिनिटांत ओरडल्या, “अहो, दूध उतू जातंय!”

“जाऊ दे. दूध उद्या परत येतं.”

“सैगलही उद्या परत येतोच आहे!” काकू म्हणाल्या. काकांनी ते ऐकलं नाही. सैगल चालू होता.

काकांच्या मते संगीत १८ जानेवारी १९४७ रोजी संपलं. त्या दिवशी सैगल गेला. त्यानंतर जे काही चाललंय तो निव्वळ आवाज. मी तेव्हा पंचविशीच्या आतबाहेर आणि कट्टर किशोरकुमारवाला. आमची खडाजंगी रोज रात्री गॅलरीत व्हायची.

“काका, सैगल नाकात गातो.”

“नाकात गातो? अरे, तुझ्या किशोरला विचार, १९४८ साली ‘जिद्दी’त तो कोणाच्या नाकात गात होता! सैगलचीच नक्कल ती!”

“म्हणूनच म्हणतो. ती नक्कल सोडली तेव्हा कुठे तो मोठा झाला.”

“आणि सैगल कोणाची नक्कल करत होता? टाइपरायटर विकत हिंडणारा माणूस तो. कलकत्त्याला गेला, ‘न्यू थिएटर्स’मध्ये उभा राहिला आणि ‘देवदास’ झाला. तुझा तो यूडलिंग करतो. आमच्या गावी गुरं हाकताना करतात तसं!”

मग मी ‘आराधना’ काढायचो, ते ‘तानसेन’ काढायचे. साडेअकराला समोरच्या बिऱ्हाडातून ‘झोपा आता’ असा आवाज आला की सभा बरखास्त. बारा-तेरा वर्षं हे चाललं. इतक्या वर्षांत त्यांनी माझं एक मत मान्य केलं नाही आणि मीही त्यांचं केलं नाही. पण एक रात्र मी गॅलरीत आलो नाही तर ते दार वाजवून विचारायचे, “काय रे, बरं नाही का?”

१९८३ साली काका आजारी पडले. इस्पितळात ठेवलं. मी भेटायला गेलो तेव्हा खाटेभोवती त्यांच्या जुन्या ऑफिसातली मंडळी उभी होती. सगळे समजूतदार चेहरे करून म्हणत होते, “काका, सैगल तो सैगलच! तसा पुन्हा होणे नाही!” काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मंडळी गेल्यावर ते माझ्याकडे वळले.

“बस,” म्हणाले. “सकाळपासून जो येतो तो हो ला हो करतोय. म्हणजे माझं काही खरं दिसत नाही. तू बोल.”

क्षणभर माझ्या घशातून शब्द फुटेना. मग मी खुर्ची पुढे ओढली आणि म्हणालो, “काका, काही म्हणा. सैगल नाकात गातो.”

काकांच्या गालावर रंग आला. हाताला सलाइन लावलेलं असताना ते कोपरावर उठून बसले. ‘शहाजहान’ त्यांनी १९४६ साली किती वेळा पाहिला इथपासून सुरुवात झाली. वीस मिनिटांनी नर्स येऊन मला रागावली. पेशंटला त्रास होतोय म्हणाली. काका तिला म्हणाले, “बाई, हा त्रास नाही. हा माझा शेजारी आहे.”

नंतर दहा-बारा दिवसांनी काका गेले. किशोरकुमार गेला १३ ऑक्टोबर १९८७ रोजी. रेडिओवर ती बातमी ऐकली तेव्हा मी नकळत गॅलरीत जाऊन उभा राहिलो. शेजारच्या खोलीत तोवर दुसरं बिऱ्हाड आलं होतं. पण काका काय म्हणाले असते ते मला अगदी स्पष्ट ऐकू आलं: “आता कळलं, संगीत संपतं म्हणजे काय होतं ते?”

हल्ली चाळ नाही. तिथे टॉवर आहे आणि मी सातव्या मजल्यावर राहतो. सैगल मला आजही आवडत नाही, हे काकांच्या माघारीही मी प्रामाणिकपणे सांगतो. उगाच आवडायला लागला म्हणालो तर तेच प्रथम रागावतील. समोरच्या फ्लॅटमध्ये कॉलेजात जाणारा एक मुलगा आहे. कानांत सदैव काहीतरी खुपसलेलं असतं. लिफ्टमध्ये भेटला की मी त्याला ऐकवतो की संगीत १९८७ साली संपलं. तो बिचारा नुसता हसायचा. सुसंस्कृत मुलगा. मला वाटायचं, गेला हाही कपाटातल्या यादीवाल्यांत.

परवा मात्र लिफ्टचं दार उघडलं आणि तो कानातलं काढून म्हणाला, “काका, रागावू नका. पण तुमचा किशोरकुमार गातो कमी आणि माकडचेष्टा जास्त करतो.”

मी त्याचा हात धरून त्याला घरात आणला, खुर्ची दिली आणि आत ओरडून सांगितलं, “अगं, चहा टाक. हा आता बराच वेळ बसणार आहे.”