कमवा आणि शिका : ग्रंथालयातली तीन वर्षं

जून 2017 मध्ये मी नाशिकच्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. आमचं घर येवला तालुक्यात. शेतात कांदा आणि मका. बोअरला पाणी मार्चपर्यंत. प्रवेशाची फी अण्णांनी भरली. खोली आम्ही चौघींनी मिळून घेतली, माझ्या वाट्याला 1500 रुपये भाडं आलं. दोन वेळच्या डब्याचे 2200. गावी जायचं एसटीचं भाडं, झेरॉक्स, जर्नलं हे वेगळंच. कांद्याचे पैसे येतात तेव्हा एकदम येतात आणि इथे खर्च दर महिन्याला. घरी कुणी तसं बोलून दाखवलं नाही, पण मला ते कळत होतं.

खोलीतली एक जण संध्याकाळी कापडाच्या दुकानात कामाला जायची. तिला यायला रात्रीचे साडेनऊ व्हायचे. मला ते जमण्यासारखं नव्हतं. सकाळी साडेसातला लेक्चर आणि दुपारी तीनपर्यंत प्रॅक्टिकल. त्यानंतर जे काही करायचं ते महाविद्यालयाच्या आवारातच मिळालं तर बरं, असं मनात होतं. वरच्या वर्गातल्या एका ताईने ‘कमवा आणि शिका’चं नाव सांगितलं. राज्यातल्या बऱ्याच विद्यापीठांत ही योजना आहे. विद्यार्थ्याने महाविद्यालयातच रोज ठरावीक तास काम करायचं आणि तासाप्रमाणे मोबदला घ्यायचा. आमच्याकडे रोज जास्तीत जास्त तीन तास काम होतं आणि तासाला 45 रुपये मिळत. सुट्ट्या वगळून महिन्याला तीन हजारांच्या आसपास होत. म्हणजे डबा आणि भाड्याचा अर्धा वाटा निघत होता.

नोटीस मात्र मुख्य फलकावर लागत नाही. ती विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांच्या खोलीबाहेर लागते. हे अधिकारी म्हणजे आपल्याच महाविद्यालयातले एक प्राध्यापक असतात, त्यांच्याकडे या कामाची जादा जबाबदारी असते. ताईने सांगितलं म्हणून मी जुलैत तिथे रोज चक्कर मारत होते. वर्गातल्या बऱ्याच मुलांना योजना कळली तोपर्यंत मुदत संपलेली होती.

अर्जाला लागणारी कागदं अशी होती : उत्पन्नाचा दाखला, बारावीचं गुणपत्रक, आधार कार्ड, प्रवेशाची पावती आणि बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स. वेळ लागतो तो उत्पन्नाच्या दाखल्याला. त्यासाठी आधी तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल घ्यायचा, मग सेतूत अर्ज करायचा आणि तहसीलदारांच्या सहीची वाट बघायची. जूनमध्ये सगळ्या तालुक्यातली मुलं तिथेच रांगेत असतात. मला शिष्यवृत्तीसाठी दाखला लागणारच होता म्हणून अण्णांनी तो मेमध्येच काढून ठेवला होता. त्यामुळेच माझा अर्ज मुदतीत गेला.

मुलाखत पाच मिनिटांची. घरी शेती किती, भावंडं किती, वेळापत्रक काय, काम कोणतं जमेल, एवढंच विचारलं. कामं निरनिराळी होती. बागेत गवत काढणं आणि झाडांना पाणी देणं, प्रयोगशाळेत काचेची भांडी धुणं, कार्यालयात फायली लावणं, परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधणं, ग्रंथालय. मी माझं वेळापत्रक कागदावर लिहून नेलं होतं आणि तीन ते सहा हा वेळ त्यावर खुणेने दाखवला. सरांनी कागद बघितला आणि ‘ग्रंथालय सहापर्यंत उघडं असतं, तिथे जा’ म्हणाले. आपला मोकळा वेळ असा कागदावर दाखवला की त्यांनाही काम लावून देणं सोपं जातं.

पहिले काही दिवस मला कुणी ओळखीचं दिसलं की मी पुस्तकांच्या रॅकमागे जायचे. माझ्याच वर्गातल्या मुली पुस्तक घ्यायला यायच्या आणि मी फडकं घेऊन धूळ पुसत असायचे. हे कुणाला सांगितलं नाही. एकदा ग्रंथपाल मॅडमनी काम संपल्यावर मला कर्मवीर भाऊराव पाटलांचं चरित्र वाचायला काढून दिलं. त्यांनी 1919 मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, शेतात राबत आणि शिकत. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं तेही याच तत्त्वावर. आज आपण जिला ‘कमवा आणि शिका’ म्हणतो तिची मुळं तिथे आहेत. ते वाचून लाज एका दिवसात गेली असं नाही. पण दिवाळीनंतर मी रॅकमागे जाणं बंद केलं होतं.

कामाचं स्वरूप सांगते, कारण बाहेरून ते पुस्तकं लावण्यापुरतंच वाटतं. नवीन पुस्तकांचं पार्सल आलं की आधी बिलाशी पडताळायचं. मग दाखल नोंदवहीत एकेक पुस्तक चढवायचं : दाखल क्रमांक, लेखक, नाव, प्रकाशक, किंमत, बिल क्रमांक. त्या वहीत खाडाखोड चालत नाही. त्यानंतर शिक्का. तो शीर्षकाच्या पानावर, शेवटच्या पानावर आणि आत एका ठरलेल्या पानावर मारायचा. या आतल्या पानाला गुप्त पान म्हणतात आणि त्याचा क्रमांक बाहेर सांगायचा नसतो. कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक कुणाचं ते त्यावरून ओळखता येतं. मग बारकोड आणि कण्यावर वर्ग क्रमांकाची चिठ्ठी. रसायनशास्त्र 540, वनस्पतिशास्त्र 580, भारताचा इतिहास 954, मराठी साहित्य 891.46. महिनाभरात हे आकडे पाठ झाले. पुस्तक जागेवर नसलं तर ते हरवल्यातच जमा असतं, कारण संगणकात ते आहे असं दिसतं आणि रॅकवर सापडत नाही. म्हणून परत आलेली पुस्तकं त्याच दिवशी लावायची, उद्यावर ठेवायची नाहीत, हा मॅडमचा नियम होता.

धुळीने मला शिंका यायच्या. तिथल्या मामांनी सांगितलं तसा नाकाला ओला रुमाल बांधायला लागले. जुन्या भागात काम असेल तेव्हा खिडकी आधी उघडायची आणि फडकं कोरडं न वापरता किंचित ओलसर करून घ्यायचं. एवढ्यावर भागलं.

खरी अडचण पैशांची झाली. महिना संपला की मस्टर कार्यालयात जाणार, तिथे तास मोजले जाणार, प्राचार्यांची सही होणार, मग बँकेला यादी जाणार. पहिल्या दोन महिन्यांचे पैसे एकदम येतील असं सांगितलं होतं. दिवाळीच्या आधी सगळ्यांचे आले, माझे नाही आले. कार्यालयातून कळलं की माझी रक्कम बँकेतून परत आली.

गावी जाऊन बँकेत चौकशी केली. ते खातं मी आठवीत असताना शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलं होतं. त्यानंतर त्यात काही व्यवहारच झाला नव्हता. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने व्यवहार केला नाही तर खातं निष्क्रिय धरलं जातं. शिवाय मी तेव्हा अज्ञान होते, आता अठरा पूर्ण झाल्यावर सही आणि कागदपत्रं नव्याने द्यावी लागत होती. फोटो, आधार, केवायसीचा अर्ज, नमुना सही असं सगळं दिलं. खातं पुन्हा चालू करायला बँक पैसे घेत नाही, हे लक्षात ठेवा. चालू झाल्यावर मी त्यात शंभर रुपये भरले आणि पासबुकात नोंद करून घेतली. मग ती झेरॉक्स कार्यालयात दिली. पैसे पुढच्या यादीबरोबर आले.

मधल्या काळात डब्याच्या काकूंना मी आधीच सांगितलं होतं की काम लागलंय, पण पैसे उशिरा येतील. त्यांनी थांबायची तयारी दाखवली. आधी सांगितलं होतं म्हणूनच थांबल्या. त्या दिवसांत घरून फोन आला की मी लवकर ठेवायचे. आई ‘पैसे आले का’ विचारेल याची भीती वाटायची.

या बँकेच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट कळली. मैत्रिणीने पगारासाठी नाशिकला दुसरं खातं उघडलं आणि तिथे आधार जोडलं. तिची महाडीबीटीची शिष्यवृत्ती मग त्या नव्या खात्यात जमा झाली आणि ती महिनाभर जुन्या खात्यात शोधत बसली. सरकारी शिष्यवृत्ती आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. नवीन खातं उघडलंत तर हे ध्यानात असू द्या.

दुसऱ्या सत्रात वेळापत्रक बदललं. आठवड्यातले दोन दिवस प्रॅक्टिकल अडीच ते साडेपाच झालं. प्रॅक्टिकल बुडवून चालत नाही, 75 टक्के हजेरी लागतेच, आणि जर्नल पूर्ण नसलं तर परीक्षेला बसू देत नाहीत. मी मॅडमना विचारलं की या दोन दिवशी साडेपाच ते आठ अभ्यासिकेत काम चालेल का. अभ्यासिका आठपर्यंत उघडी असायची. त्या म्हणाल्या, अर्ज लिहून दे. एका पानाचा अर्ज, त्यावर मॅडमची शिफारस आणि सरांची सही, एवढ्यात काम झालं. त्या दोन दिवशी अर्धा तास कमी भरायचा, तो सोडून दिला. आठ वाजता अभ्यासिकेतल्या आणखी तिघी आमच्याच रस्त्याने जाणाऱ्या निघाल्या, मग आम्ही एकत्र परतायचो.

यातूनच पुढचा घोळ झाला. अभ्यासिकेतली सही वेगळ्या वहीत व्हायची. महिन्याअखेर कार्यालयाने फक्त मुख्य मस्टर मोजलं आणि त्या दिवसांचे तास माझ्या नावावर आलेच नाहीत. सुदैवाने मी पहिल्या दिवसापासून एक छोटी डायरी ठेवत होते. तारीख, आले किती वाजता, गेले किती वाजता, काम काय केलं. दर शनिवारी मॅडमची त्यावर सही घ्यायचे. लिपिकांना डायरी आणि अभ्यासिकेची वही दोन्ही दाखवली. भांडण झालं नाही, आवाज चढला नाही. त्यांनी दुरुस्ती करून दिली आणि पुढच्या महिन्यापासून दोन्ही वह्या एकत्र पाठवायच्या असं ठरलं.

परीक्षेच्या बाबतीत मी आधी सांगायची सवय लावली. वेळापत्रक लागलं की त्याची प्रत मॅडमना द्यायची आणि कोणत्या दिवशी येणार नाही ते लिहून द्यायचं. माझ्याबरोबरचा एक मुलगा परीक्षेत न सांगता यायचा थांबला. परत आला तेव्हा त्याच्या जागी दुसरा लागला होता. तो हुशार होता आणि गरजही मोठी होती. मला त्याचं वाईट वाटलं.

सुट्टीत काम नसतं, म्हणून मोबदलाही नसतो. दिवाळीचे तीन आठवडे आणि मे महिना कोरडा जातो, पण खोलीचं भाडं मेमध्येही द्यावं लागतं. पहिल्या वर्षी ते उसनं घेऊन भरलं. दुसऱ्या वर्षापासून मी दर महिन्याला 300 रुपये पोस्टात टाकायला लागले. आणि दुसऱ्या वर्षी काम आपोआप चालू राहत नाही. नव्याने अर्ज, नव्याने कागदं. मॅडमनी माझ्यासाठी शिफारस लिहिली म्हणून पुन्हा ग्रंथालयच मिळालं.

तिसऱ्या वर्षी मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे महाविद्यालय बंद झालं. फेब्रुवारीचं आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्याचं मस्टर कपाटात अडकलं. मी डायरीच्या पानांचे फोटो मॅडमना पाठवले. सगळ्या सह्या त्यावर होत्याच. कार्यालय उघडल्यावर त्याच फोटोंवरून त्यांनी माझे तास कळवले आणि पैसे आले. त्या उन्हाळ्यात आमचा कांदा मातीमोल गेला. ते पैसे घरात किराण्याला लागले.

माझं आताचं काम ग्रंथालयातलं नाही. पण तीन वर्षं डब्याचे पैसे मी दिले, याचं समाधान अजून आहे. अभ्यास मागे पडला नाही, कारण काम वर्गापासून दोन मिनिटांवर होतं आणि वरिष्ठांना माझं वेळापत्रक माहीत होतं. बाहेरच्या नोकरीत जास्त पैसे मिळाले असते. तरी मी पुन्हा हेच केलं असतं.

यंदा गावातल्या दोन मुली बारावी झाल्या आणि नाशिकला जायचं म्हणत आहेत. त्यांना मी मेमध्येच उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पाठवलं. बँकेत शंभर रुपये भरून खातं चालू आहे का ते बघून या, असंही सांगितलं. एकीचं खातं बंद निघालं. तिने ते परवाच चालू करून घेतलं.