मातापूरचा सह्याद्री

महानुभावांच्या साती ग्रंथांची नावे पाठ नसलेला मराठीचा विद्यार्थी सापडणे कठीण. ‘शिशुपालवधा’पासून ‘ऋद्धिपूरवर्णना’पर्यंत ती यादी एका दमात म्हणून दाखवता येते, आणि बहुधा तेवढेच येते. त्यातल्या रवळोबासांच्या ‘सह्याद्रिवर्णना’विषयी आम्ही अहमदपूरच्या वर्गात बरीच वर्षे जे सांगत आलो, ते येथे कबूल करणे भाग आहे. ग्रंथाचे नाव उच्चारले की आमच्या डोळ्यांपुढे घाटमाथा, तुटलेले कडे आणि कोकणावर उतरणारा पाऊस उभा राही, आणि तोच आम्ही मुलांपुढे उभा करीत असू. एका वर्षी मागच्या बाकावरून किनवटकडची एक विद्यार्थिनी उठली. “सर, हा सह्याद्री म्हणजे आमचं माहूर ना? आमची आजी माहूरच्या डोंगराला सह्याद्रीच म्हणते.” तिचे घर महानुभाव होते. “पाहून सांगतो,” असे म्हणून आम्ही तास संपवला.

पाहिले, तर आजी बरोबर होती. महानुभाव परंपरेत सह्याद्री म्हणजे मातापूर, आजचे माहूर. पंचकृष्णांपैकी श्रीदत्तात्रेयप्रभूंचे स्थान. नावात वर्णन असले तरी तो चौदाव्या शतकातला ग्रंथ मुख्यतः त्यांचा महिमा सांगण्यासाठी रचलेला आहे. महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके बंद राहिलेले हे वाङ्मय विसाव्या शतकाच्या आरंभी अभ्यासकांनी उलगडले. लिपी उलगडली; डोंगर मात्र आमच्यासाठी बंदच राहिला होता, आणि तोही आपल्या शेजारच्या जिल्ह्यात असून.

म्हणून फेब्रुवारीत वर्गातली अकरा मुले घेऊन आम्ही माहूरला निघालो. लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाव मागे पडले. पुढे उमरखेड, महागाव. या रस्त्याची एक गंमत आहे. नांदेड जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यातच जाण्यासाठी यवतमाळ जिल्हा ओलांडावा लागतो. धनोड्यापाशी वळून पैनगंगा पार केली की आपण पुन्हा स्वतःच्या जिल्ह्यात येतो. एकेकाळी याच नदीच्या अलीकडे निजामाचे राज्य आणि पलीकडे वऱ्हाड होते. शेतांतली तुरीची खोडे आणि कापसाच्या पऱ्हाट्या पाहून कंटाळलेल्या डोळ्यांना नदीपलीकडचा सागाने भरलेला डोंगर एकदम दिसतो, आणि मुले गप्प होतात.

गडावर रेणुकेच्या पायऱ्यांवर नेहमीची दाटी होती. खलबत्त्यात विड्याची पाने कुटण्याचा आवाज पायरीपायरीला साथ करतो. तो तांबूल हाच इथला प्रसाद. आम्ही दर्शन घेतले, तांबूल खाल्ला आणि किल्ल्याकडे वळलो. वळलो ते जवळजवळ एकटेच. लाखो माणसे माहूरला येतात, पण शेजारच्या टेकडीवरचा हा किल्ला, ज्याला रामगड असेही म्हणतात, बहुतेकांच्या वाटेत येत नाही. हत्ती दरवाज्यातून आत शिरलो, तेव्हा सोबतीला फक्त वटवाघळांचा वास होता.

मुलांना किल्ला म्हटले की शिवनेरी आणि रायगड. आमच्या मराठवाड्यातली मुले किल्ल्यांचे चित्रही उसने आणतात. इकडे कंधार, उदगीर, औसा हाकेच्या अंतरावर असूनही. शिवकालाशी या दगडांचा काय संबंध, असे एकाने विचारलेच. तेव्हा तटावर बसून आम्ही रायबागनची गोष्ट सांगितली. माहूरच्या देशमुख घराण्यातली ही सावित्रीबाई. पतीमागे तिने मोगलांकडून फौजा चालवल्या आणि ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, ही पदवी मिळवली. २ फेब्रुवारी १६६१ रोजी उंबरखिंडीत शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाला कोंडले, तेव्हा ती त्या फौजेबरोबर होती. शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिनेच खानाला दिला, असे सांगतात. म्हणजे माहूरची वाघीण खऱ्या सह्याद्रीत गेली होती, असे आम्ही बोलून गेलो. ‘खऱ्या’ हा शब्द तोंडातून निघाला आणि ती किनवटची मुलगी हसली. सवय लवकर जात नाही.

महाकाली बुरुजाकडून पैनगंगेचे खोरे दिसते. तीन बाजूंनी वळसा घेणारी ती नदी पाहिली की या जागेला दुसऱ्या सह्याद्रीची उपमा लागत नाही. डोंगर फार उंच नाही. पण तो नदी पांघरून बसला आहे.

दुपारी दत्तशिखराच्या बाजूने रानातून चाललो. सागाची पाने गळू लागली होती. एकेक पान ताटाएवढे, आणि पायाखाली पापडासारखे मोडणारे. मधूनच पळस पेटलेला. आमच्या मागे कुठेतरी पाने करकरली आणि दोन मुलांनी एकमेकांचे हात धरले. वानरे होती. पण त्या क्षणी चांगदेव राऊळांची कथा आमच्या नव्याने लक्षात आली. फलटणहून आलेल्या त्या पुरुषाला माहूरच्या या डोंगरात दत्तात्रेयप्रभू वाघाच्या रूपात भेटले, त्यांनी पंजा मस्तकी ठेवला आणि शक्ती दिली. वर्गात आम्ही याला ‘सांप्रदायिक आख्यायिका’ म्हणून बाजूला सारीत असू. करकरणाऱ्या पानांत उभे राहिले की दैवताला वाघाचे रूप का मिळाले हे विचारावे लागत नाही. आणि वाघ अजून या मुलखातून पुरता गेलेला नाही. २०१९ साली यवतमाळमधल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर बांधलेला एक तरुण वाघ पैनगंगेच्या बाजूने तेराशे किलोमीटरहून अधिक चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला होता.

संध्याकाळी गावातल्या देवदेवेश्वराच्या मंदिरात गेलो. हे प्रभूंचे निद्रास्थान. त्या मुलीने आमच्यासमोर साष्टांग दंडवत घातला. आम्ही हात जोडून मागे उभे राहिलो, जसे शिकणाऱ्याने उभे राहावे.

परत आल्यावर आम्ही जुन्या टिपणांतले ते वाक्य खोडले. पण टिपणांच्या झेरॉक्स प्रती केव्हाच गावोगावी गेल्या होत्या. त्या उन्हाळ्यात आलेल्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात, कुठल्याशा अनोळखी अक्षरात, रवळोबासांनी पश्चिम घाटाचे रमणीय वर्णन केल्याचे वाचले. शब्दयोजना थेट आमची होती. बराच वेळ लाल पेन उघडे धरून बसलो, आणि शेवटी त्या उत्तराला पूर्ण गुण दिले.