मजकूर आणि खुलासा

‘मी कॉलेजात मुलांना इंग्रजी वाचायला शिकवते’ असं इथे मस्कतमध्ये कुणाला सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : “म्हणजे एबीसीडी?” नाही हो! एबीसीडी त्यांना पहिलीपासून येते. घोडं अडतं ते पुढेच.

१९७० पूर्वी ओमानमध्ये जेमतेम तीन शाळा होत्या आणि त्यांत शिकणारे सगळे मुलगेच. १९८६ मध्ये अल खूद इथे सुलतान काबूस विद्यापीठ सुरू झालं. अवघ्या सोळा वर्षांतली ही झेप! पण सरकारी शाळांचं माध्यम अरबी आणि विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकीची पुस्तकं इंग्रजीत. म्हणून मधे पायाभूत अभ्यासक्रम असतो. तो पार केल्याशिवाय पदवीच्या वर्गाचं दार उघडत नाही. दहावीपर्यंत मराठीत शिकून अकरावी सायन्सच्या वर्गात बसलेल्या तुम्हाआम्हाला ही धडधड वेगळी सांगायला नको.

माझ्या वर्गात इब्रीकडची एक मुलगी होती. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. पानातला प्रत्येक नवा शब्द ती मोबाइलच्या शब्दकोशात बघायची आणि वर बारीक अक्षरात अरबी अर्थ लिहायची. पान भरून जायचं. परिच्छेद संपेपर्यंत त्याची सुरुवात मात्र विसरलेली असायची. परीक्षेत अर्धा उतारा वाचून होतो न होतो तोच वेळ संपायचा. “काही शब्द सोडून दे,” म्हटलं, तर म्हणाली, “टीचर, शब्द सोडला तर वाचलं असं कसं म्हणायचं?”

या प्रश्नाला मी हसू शकले नाही. लहानपणापासून कुराण वाचताना एकेक अक्षर जपायला शिकलेली ती मुलगी. आपण नाही का रामरक्षा म्हणताना एक शब्द गाळला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत? ती शिस्त मोठीच. पण रसायनशास्त्राचं चाळीस पानी प्रकरण त्या शिस्तीने एका रात्रीत वाचून होत नाही.

आणखी एक अडचण लिपीची. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. वाचणारा व्यंजनांवरून शब्द ओळखतो. त्याच सवयीने इंग्रजी वाचलं, की ‘बिटर’, ‘बेटर’ आणि ‘बटर’ एकसारखे दिसू लागतात. आपल्या बाराखडीत काना-मात्रा ठसठशीत, त्यामुळे हा त्रास आपल्या चटकन ध्यानातच येत नाही.

मग आम्ही शब्दकोश बंद केला. आधी मथळा वाचायचा आणि आत काय असेल याचा अंदाज करायचा. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य नीट बघायचं. ‘हाउएव्हर’ दिसलं की गाडी वळणार, ‘देअरफोर’ दिसलं की निष्कर्ष येणार, हे ओळखायचं. शब्द अडलाच तर आजूबाजूच्या वाक्यांना विचारायचं. आणि शेवटी पुस्तक मिटून, सगळं मिळून काय म्हटलंय ते एका वाक्यात सांगायचं. पहिल्यांदा अरबीत सांगितलं तरी चालेल.

ती म्हणाली, “म्हणजे खुलासा?” मी चमकलेच! अरबीत ‘खुलासा’ म्हणजे सारांश. आपण तोच शब्द स्पष्टीकरणासाठी वापरतो. आपला ‘मजकूर’ही अरबीतूनच आलेला आणि ‘सबब’ही, मात्र तिकडे सबब म्हणजे साधं कारण, आपल्याकडे बहुतेक वेळा न पटणारं! फळ्यावर हे शब्द लिहिले तेव्हा वर्ग खूश झाला. परकी बाई एकदम घरची झाली.

ती मुलगी पायाभूत परीक्षा पास झाली. नंतर एकदा भेटली तेव्हा म्हणाली, “टीचर, आता मी धाकट्या भावालासुद्धा खुलासा विचारते.”

तिचं ऐकून मला आपल्या घरांतली मुलं आठवली. तीनशे पानांची इंग्रजी कादंबरी दोन दिवसांत संपवणारी आपली मुलं आजीचं चार ओळींचं मराठी पत्र मात्र आईपुढे धरतात, “तूच वाच ना!” त्यांचंही अगदी तसंच आहे, एक शब्द अडला की सगळंच सोडून देतात. तेव्हा एक करून बघा. याच स्मरणिकेतलं एखादं पान त्यांच्यापुढे ठेवा. प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगत बसू नका. मथळ्यावरून अंदाज करू द्या, अडखळू द्या, आणि शेवटी एवढंच विचारा, “काय रे, काय म्हटलंय यात?” उत्तर इंग्रजीत आलं तरी आधी शाबासकी द्या. मराठीत यायला थोडा वेळ लागेल, पण येईल.