माहितीपटाचा पहिला पैसा

चेन्नईत माझ्याकडे माहितीपट करू पाहणारी मुलंमुली येतात. मराठी असली तर 'ताई' म्हणतात, तमिळ असली तर 'अक्का', पण प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: ग्रँट कुठे मिळेल? मी आधी विचारते, काम कुठवर आलंय? कारण माहितीपटाला लागणारा पैसा एका जातीचा नसतो. विषयामागे हिंडायला, माणसांच्या घरी पुन्हा पुन्हा जाऊन बसायला, दफ्तरं चाळायला लागतो तो पैसा वेगळा. चित्रीकरणाचा वेगळा. आणि शेकडो तासांच्या फुटेजमधून दीड तास बाहेर काढून त्याचं साउंड मिक्सिंग, कलर करायला लागतो तो आणखी वेगळा. जगातले नावाजलेले फंड दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर बऱ्यापैकी हात सैल सोडतात. पहिल्या टप्प्याला मात्र फारसा कोणी वाली नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक माहितीपट तिथेच अडतात.

हा पेच जुना आहे. १९१२ साली विम्याच्या पॉलिशीवर कर्ज काढून दादासाहेब फाळके लंडनला गेले आणि कॅमेरा मागवून परतले. यंत्र आलं, पण चित्रपटासाठी भांडवल कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभरात मिनिटभराची फिल्म तयार केली, 'अंकुराची वाढ'. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला पुढे आले. आज ज्याला पिचिंग ट्रेलर म्हणतात तो आपल्या मातीत असा जन्मला. त्यात त्यांना करायच्या असलेल्या 'राजा हरिश्चंद्र'चा एकही प्रसंग नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. फाळक्यांनी धनकोला कथा ऐकवली नाही. आपली नजर आणि आपला हात दाखवला.

निवड समितीवर बसून मी आजचे ट्रेलर पाहते तेव्हा हा वाटाणा आठवतो. ड्रोनमधून दिसणारं गाव, खाली घुमणारं संगीत, काळ्या पडद्यावर पांढरी वाक्यं, आणि तीन मिनिटांत विषय 'समजावून' टाकलेला. माझं मत वळतं ते एखाद्या न कापलेल्या शॉटवर. कॅमेऱ्यासमोरचं माणूस कॅमेरा विसरलंय का, आणि चित्रण करणाऱ्याला थांबता येतंय का, हे त्यातून कळतं. तो शॉट मिळवायला आधी तिथे जाऊन राहावं लागतं आणि राहायला पैसा लागतो, म्हणून पहिल्या पैशाचा प्रश्न पुन्हा पुढे उभा राहतो.

चेन्नईत राहून या विषयावर लिहायचं आणि ए. के. चेट्टियार यांचं नाव घ्यायचं नाही, असं होऊच शकत नाही. १९११ साली चेट्टिनाडमधल्या कोट्टैयूरला जन्मलेला हा माणूस. रंगूनमध्ये 'धनवणिकन' मासिकाचा संपादक, पुढे टोकियो आणि न्यूयॉर्कला छायाचित्रणाचं शिक्षण. २ ऑक्टोबर १९३७ रोजी, गांधीजींच्या वाढदिवशी, न्यूयॉर्कहून डब्लिनला निघालेल्या बोटीवर त्यांच्या मनात आलं की गांधींवर माहितीपट करायचा. वय पंचविशीचं, देश पारतंत्र्यात आणि ज्यांच्यावर चित्रपट करायचा ते राजवटीच्या डोळ्यांत सलणारे. सरकारी मदतीचा प्रश्नच नव्हता. चेट्टियारांनी मद्रासेत डॉक्युमेंटरी फिल्म्स लिमिटेड नावाची कंपनी काढली. मग देशोदेशी हिंडून गांधींची जिथे जिथे चित्रफीत होती तिथून ती मिळवली. नवं चित्रण करायला मद्रासचेच, पॅरिसला शिकून आलेले डॉ. पी. व्ही. पाथी होते. ऑगस्ट १९४० मध्ये तमिळ निवेदनासह चित्रपट मद्रासेत लागला. पुढे तेलुगू रूप झालं, १९४७ साली दिल्लीत हिंदी, १९५३ साली अमेरिकेत इंग्रजी. एकच फुटेज चार भाषांत फिरवून त्याचं आयुष्य वाढवण्याचं हे भान आजही कितीजणांच्या बजेटमध्ये दिसतं? पुढे मूळ तमिळ चित्रपट नाहीसा झाला. ए. आर. वेंकटाचलपती या इतिहासकारांच्या चिकाटीमुळे इंग्रजी आवृत्तीची प्रत तरी अमेरिकेत सापडली. त्याच कोट्टैयूरच्या रोजा मुत्तय्यांनी जमवलेला छापील कागदांचा खजिना आज चेन्नईत तारामणीच्या रोजा मुत्तय्या संशोधन ग्रंथालयात आहे. माहितीपटवाल्यांनी विषय शोधायला तिथे जरूर बसावं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन आली आणि माहितीपटाचा पैसा म्हणजे सरकारी पैसा, अशी दोन पिढ्यांची समजूत झाली. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, म्हणजे एनएफडीसीत, विलीन झाली. मध्यंतरी, २००० साली, राजीव मेहरोत्रा यांनी पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्ट उभा केला. त्यातून शेकडो माहितीपट झाले, दूरदर्शनवर दिसले. रक्कम मोठी नसे, पण होतकरू माणसाला पहिला चित्रपट करता येई. त्या दर्जाची दुसरी व्यवस्था देशात उभी राहिलेली नाही याची मला मनापासून खंत आहे. प्रकल्प निर्मात्यांसमोर मांडायचे बाजार मात्र वाढले. गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या बरोबरीने २००७ पासून फिल्म बझार भरतो. कोलकात्यात २००४ पासून डॉकएज चालतं. तिथे प्रकल्पावर आधी मार्गदर्शकांसोबत कसून काम होतं आणि मग देशोदेशीच्या वाहिन्या-फंडांच्या प्रतिनिधींसमोर तो मांडायचा. नवख्याने एकदा तरी डॉकएजला अर्ज करावा असं मी सांगते, पैसे मिळोत न मिळोत. आपला चित्रपट नेमका कशाबद्दल आहे हे सात मिनिटांत बोलता येत नसेल तर ते तिथे स्वच्छ कळतं.

संशोधनाच्या पैशासाठी माझ्या माहितीतला सगळ्यात भरवशाचा दरवाजा बंगळुरूचा आहे: इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स. संस्था १९९३ ची, अनुदानं १९९५ पासून. इथे प्रस्ताव आपल्या भाषेत लिहिता येतो, अगदी मराठीतही. मराठी मुलं इंग्रजीच्या धास्तीने अर्जच करत नाहीत, म्हणून हे मुद्दाम सांगते. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधून हिंडणाऱ्या तंबू टॉकीजवर काम सुरू केलं तेव्हा त्यांना याच संस्थेचं अनुदान मिळालं होतं. तेव्हा ते संशोधन होतं, छायाचित्रं होती, माणसांशी ओळखी होत होत्या. त्यातून वाढलेला 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' २०१६ साली कान महोत्सवात दाखवला गेला आणि माहितीपटांच्या पुरस्कारात त्याचा खास उल्लेख झाला. अमेरिकेतल्या सनडान्ससारख्यांचं पाठबळ त्यांना वाटेत लाभलं, पण जत्रांमधल्या टॉकीजच्या ट्रकमागे हिंडायची सोय आधी झाली होती.

परदेशी फंडांबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं. ॲमस्टरडॅमचा आयडीएफए बर्था फंड १९९८ पासून आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतल्या माहितीपटांना पैसा देतो. सनडान्सचा माहितीपट फंड आहे, बुसानचा एशियन सिनेमा फंड आहे. पण परदेशातून अनुदान म्हणून येणारा पैसा २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येतो. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर तो घेता येत नाही. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि एका नोंदणीकृत संस्थेने घेऊन दुसऱ्याला देणं बंद झालं आहे. चालू घडामोडींचे कार्यक्रम करणाऱ्या कंपन्यांना तर मनाईच आहे. व्यवसायाच्या ओघात केलेल्या सेवेचा मोबदला या कायद्यात वेगळा धरला आहे, म्हणून पुष्कळ निर्माते परदेशी निर्मात्याशी सहनिर्मितीचा करार करतात किंवा प्रसारणाचे हक्क आधी विकतात. मुंबईतल्या कोळ्यांवरचा, मराठी बोलणारा 'अगेन्स्ट द टाइड' हा भारत-फ्रान्स सहनिर्मितीचा चित्रपट. २०२३ साली सनडान्सला त्याला ज्यूरीचा विशेष पुरस्कार मिळाला. अर्ज भरण्याआधी सीएकडे जा. निवड झाल्याची मेल आल्यावर जाऊन उपयोग नसतो.

कोणाचाच फंड नको म्हणणारीही माणसं आहेत, आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. मदुराईच्या दिव्या भारती यांनी हाताने मैला साफ करणाऱ्यांवरचा 'कक्कूस' २०१७ साली लोकवर्गणीवर केला आणि प्रदर्शनं अडवली गेली तेव्हा यूट्यूबवर टाकून दिला. अशा चित्रपटांना ग्रँट कुठल्या समितीने दिली असती? समितीवर बसणारी म्हणून हा प्रश्न मला टोचतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. कन्याकुमारी आणि मदुराईच्या भागात तोलपावैकूत्तु, म्हणजे चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करणारी घराणी आहेत. पडद्यावर तमिळ रामायण चालतं; उच्चिकुडुंबन आणि उळुवत्तलैयन ही विनोदी जोडगोळी मध्येच घुसून गावाची टवाळी करते. सगळ्यांचे आवाज पडद्यामागचा एकच कलाकार काढतो. आणि ही घराणी घरात मराठी बोलतात. आपलं दक्षिणेत येणं ती तंजावरच्या मराठा राजवटीशी जोडतात. एका खेळाला मी पडद्याच्या मागे बसले होते. हनुमान लंकेत तमिळमध्ये गर्जत होता आणि पेटीवर बसलेली बाई भात्याची लय न मोडता मुलाला दिव्याबद्दल काही सांगत होती. मला अर्धीमुर्धी कळलेली ती मराठी तमिळच्या हेलात बुडालेली होती. चेन्नईचे आर. व्ही. रमणी यांनी दक्षिणेतल्या छायाबाहुलीवाल्यांवर 'नी एंगे' हा माहितीपट २००३ साली केला. त्यानंतर या पडद्यामागच्या भाषेचा, आणि कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळींनी सांभाळलेल्या चामड्याच्या बाहुल्यांशी तिचं काही नातं आहे का याचा, शोध घेणारा चित्रपट मराठीत व्हायला हवा.

त्याचं पहिलं बजेट मी मांडून पाहिलं आहे. एग्मोरहून नागरकोविलपर्यंत रात्रीच्या गाडीची तिकिटं, वर्षभरात अनेकदा. भाड्याची खोली. बोली जाणणाऱ्या एका अभ्यासकाचं मानधन. कलाकारांच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई. प्रस्तावांमधून ही ओळ हटकून गळते आणि मी ती हटकून घालायला लावते. एक चांगला माइक, दोन हार्ड डिस्क. कॅमेरा यात नाही, तो उसना मिळतो. मराठी लग्नांत मांडवाच्या सजावटीला याहून जास्त पैसा जातो.

महाराष्ट्रातल्या विश्वस्त निधींना, परगावच्या महाराष्ट्र मंडळांना माझी विनंती आहे की पुरस्कार आणि शाली थोड्या कमी करा आणि दरवर्षी दोन-तीन माहितीपटांना संशोधनाचा पैसा द्या. अर्ज मराठीत मागवा, चार पानांच्या वर नको. ट्रेलर मागू नका, कारण तो करायलाच पैसा नसतो. एक न कापलेला शॉट मागा, मोबाइलवरचा चालेल. रक्कम एकरकमी द्या, वर्षानंतर हिशेब आणि टिपणं घ्या, आणि चित्रपट झाला नाही तरी ती टिपणं कोणालाही वाचता येतील अशी ठेवा. निवड समितीवर किमान एक माणूस असा घ्या ज्याच्या कपाटात अपुऱ्या चित्रपटाच्या हार्ड डिस्क अजून पडून आहेत.