मिसिसिपीचं सुकाणू

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डब्यूक गावी मिसिसिपीच्या काठावर नदीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. तिथे बोट चालवण्याचा एक आभास उभा केलाय. समोर पडद्यावर नदी, हाताखाली सुकाणू. माझ्या आधी एक शाळकरी मुलगी उभी होती. वळण अजून बरंच लांब होतं, तरी तिने बोट वळवायला घेतली. एवढी घाई कशाला, असं मला वाटलं. माझी पाळी आली तेव्हा कळलं. सुकाणू फिरवलं तरी काही क्षण काहीच घडत नाही. मग नाक हळूच वळतं, आणि मागचा भाग प्रवाहाबरोबर बाहेरच्या काठाकडे घसरत जातो. तो घसरणार हे धरूनच आधी वळायचं.

खऱ्या नदीवर अशी एक बोट पंधरा बार्ज, म्हणजे मालाचे सपाट तराफे, मागून ढकलत नेते. तीन-तीनच्या पाच रांगा, प्रत्येक बार्जमध्ये सुमारे दीड हजार टन माल. सगळा तांडा जवळजवळ १२०० फूट लांब! आणि खाली पाण्याची हमी फक्त नऊ फुटांची. प्रवाहाबरोबर जाताना लाल बोये डावीकडे, हिरवे उजवीकडे ठेवायचे. पण गाळ जागा बदलत राहतो, म्हणून पाण्यावरच्या भोवऱ्यांवरून, सुरकुत्यांवरून तळ ओळखायचा. ही विद्या पाहून मी खरोखर नतमस्तक झालो. आम्ही पुणेकर. खडकवासल्यातून पाणी सोडलं की पुलावर उभं राहून नदी बघणारी माणसं. नदी ही रहदारीची वाट असते, हे मला तिथे पहिल्यांदा अंगाने कळलं.

बाहेर धक्क्याला १९३४ सालची ‘विल्यम एम. ब्लॅक’ ही गाळ उपसणारी वाफेची बोट आहे, २७७ फूट लांब. सुपलीने केर ओढावा तसा ती रुंद तोंडाने नदीतला गाळ ओढून घेई.

लेखक मार्क ट्वेनला याच नदीवर १८५९ मध्ये बोटीच्या पायलटचा परवाना मिळाला. तोच माणूस जानेवारी १८९६ मध्ये व्याख्यानाला पुण्यात आला होता. मिसिसिपी तोंडपाठ असलेल्या त्या माणसाला आपली उन्हाळ्याकडे झुकणारी मुठा कशी दिसली असेल, हा विचार मनातून जाईना.

पाणी वाचण्याची ही विद्या आपल्याकडेही होती. वाशिष्ठीच्या मुखाशी, दाभोळला, वाळूचा दांडा चुकवून गलबत आत घेणाऱ्या तांडेलांपाशी ती होती. आपल्या एखाद्या संग्रहालयात दाभोळची खाडी अशी पडद्यावर उभी राहावी, भरती-ओहोटीसकट, आणि पुण्यातल्या पोरांनी तिथे सुकाणू धरावं, असं मला फार वाटतं.

संध्याकाळी डब्यूकच्या वरच्या अंगाला अकरा क्रमांकाचं धरण आणि त्याचा लॉक, म्हणजे बोटींना धरणापार वर-खाली नेणारा दारांचा हौद, पाहिला. लॉक ६०० फूट लांब, ११० फूट रुंद. पूर्ण तांडा मावतच नाही. आधी पुढचे नऊ बार्ज आत घालून सोडायचे, बोटीने मागे सरायचं, ते नऊ पार झाले की उरलेले सहा घेऊन पुन्हा आत शिरायचं. तांड्याची रुंदी १०५ फूट. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून मोकळी जागा पाच फूट.