सही करण्याआधी

चि. मुक्तास,


काल दादाचा फोन आला होता. तुझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी साताऱ्याच्या घराचे कागद बँकेत तारण ठेवायचे आहेत, सातबाऱ्यापासून सगळीकडे माझंही नाव आहे, म्हणून सही हवी म्हणाला. बोलता बोलता कळलं की तू गणितच घ्यायचं ठरवलंस. फार बरं वाटलं गं. दिवाळीत वाण्याच्या बिलामागे तू मला मूळसंख्या संपत का नाहीत ते दाखवलंस, तेव्हाच मनात आलं होतं की ही पोरगी दुसरीकडे रमायची नाही.

सही मी देईन. पण नोकरीची बरीच वर्षं मी बँकेच्या कर्ज विभागात काढली, तेव्हा आधी थोडं बोलू दे. आणि हे दादाशी नाही, तुझ्याशी बोलायचंय. तो सहकर्जदार असेल, पण मुख्य कर्जदार तूच.

तुम्ही बघितलेल्या खासगी विद्यापीठाचा खर्च फी आणि वसतिगृह धरून वर्षाला ४ लाख म्हणजे तीन वर्षांचे १२ लाख. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँका सहसा तारण मागतात, म्हणून घर मध्ये आलं. आता वही घे. व्याज १० टक्के धरू. शिकत असताना आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, सरळव्याजाने. पहिल्या ४ लाखांवर चार वर्षांचं १,६०,०००, दुसऱ्यांवर १,२०,०००, तिसऱ्यांवर ८०,०००. पहिला हप्ता भरायच्या दिवशी तुझ्या डोक्यावर १५,६०,००० असतील. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला साधारण २०,६१५ रुपये. पंधरा वर्षं घेतलीस तर हप्ता १६,७६४ वर येतो, पण एकूण भरणा ३० लाखांच्या वर जातो.

इंजिनिअरिंगच्या मुलाचं एक वेळ यात जमतं, कारण त्याला पदवीनंतर लगेच नोकरी धरायची असते. गणिताची खरी ओळख एम.एस्सी.त होते. तुझी हप्त्याची सवलत संपेल तेव्हा तू एम.एस्सी.च्या मधोमध असशील. बँक मुदत वाढवून देऊ शकते, पण तोवर वर्षाला आणखी १,२०,००० व्याज चढेलच. समजा पुढे संशोधनाची जेआरएफ शिष्यवृत्ती मिळाली. तिचे महिना ३७,००० असतात. दहा वर्षांचा हप्ता आधीइतकाच धरला तरी तो गेला की उरतात १६,३८५. घरभाड्याचा भत्ता वेगळा मिळाला तरी त्यात पुण्या-मुंबईत राहून, निवांत डोक्याने पाच वर्षं एका प्रश्नामागे लागता येईल का, तूच सांग.

आमच्याकडे एक मुलगी खातेदार होती, एम.एस्सी.ला उत्तम गुण मिळालेली. हप्त्यासाठी तिने जेआरएफच्या नेट परीक्षेचा अभ्यास बाजूला ठेवला आणि सकाळ-संध्याकाळ कोचिंग क्लास धरला. हप्ता कधी चुकवला नाही तिने. आमच्या दृष्टीने ते खातं आदर्श होतं आणि मला तिच्याकडे बघवत नसे.

कमाईचंही सांगते, कारण 'गणित घेऊन करणार काय' हे काका विचारणारच. नुसत्या बी.एस्सी.वर फार मिळत नाही, हे खरं आहे. सीनियर कॉलेजात कायम प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, पण त्या जागा निघता निघत नाहीत आणि तासिका तत्त्वावर राबणारी माणसं तू तुझ्या कॉलेजातच बघतेस. याउलट संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंग हाताशी असेल तर बँकांचे जोखीम विभाग, विमा कंपन्या गणितवाल्यांना मानाने घेतात. ॲक्चुअरीच्या परीक्षा नोकरी करत देता येतात, अर्थात त्यात वर्षं जातात. म्हणजे पैसा आहे, पण उशिरा आहे. हप्ता तेवढा थांबत नाही.

म्हणून माझं म्हणणं, गणित घेच, पण पदवी कर्जाशिवाय कर. बेंगळुरूच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत बी.मॅथ.ला शिकवणी फी नाही, वर विद्यावेतन मिळतं. चेन्नईजवळ सी. एस. शेषाद्रींनी उभी केलेली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट (सीएमआय) आहे. दोन्हींच्या प्रवेशपरीक्षा फार कठीण आहेत आणि जागा मोजक्या, तरी दे. नाही झालं तर पुण्यातलं चांगलं अनुदानित कॉलेज, तिथे बी.एस्सी. काही हजारांत होते. बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात आलीस तर इन्स्पायर शिष्यवृत्तीला अर्ज करता येईल, वर्षाला ८०,०००. कॉलेजात शिकवणं कमी पडेल तिथे उन्हाळ्यातलं गणिताचं एमटीटीएस शिबिर आहे. कुमारेसन सरांनी १९९३ मध्ये ते सुरू केलं. तिथे सिद्धता शिक्षक सांगत नाहीत, मुलांकडून काढून घेतात. तुला ते फार आवडेल.

कर्ज घ्यायचंच तर एम.एस्सी.ला, नेमकं कोणाकडे काय शिकायचंय ते ठरल्यावर घेऊ. तेव्हा घराच्या कागदांवर मी डोळे मिटून सही करीन.

जागा राखायला विद्यापीठ जे पैसे मागतंय ते या आठवड्यात भरू नका. भरण्याआधी परताव्याची अट छापील मागून घ्या, तोंडी नको. आणि हे पत्र दादाला वाचायला दे. मी फोनवर सांगितलं तर त्याला वाटेल बहीण घर अडवतेय.

तुझी,
आत्या