तार्तूचं शून्य : काही टिपणे

लिन्नार्त मॅल. आडनावातला स्वर ‘बॅट’मधला; मराठीत डोक्यावर चंद्र दिला की काम झालं. जन्म १९३८, ताल्लिन. मृत्यू २०१०, तार्तू. मधल्या काळात एस्टोनियावर आधी सोव्हिएत सत्ता, मग जर्मन, मग पुन्हा सोव्हिएत. १९९१ मध्ये स्वातंत्र्य. या धामधुमीत गृहस्थांनी काय केलं, तर पाली, संस्कृत आणि चिनी ग्रंथ आपल्या भाषेत आणले.

*

यादी नुसती उतरून काढली तरी दम लागतो. धम्मपद १९७७. ताओ ते चिंग १९७९. भगवद्गीता १९८०. शांतिदेवाचा बोधिचर्यावतार १९८२. कन्फ्यूशियसची वचनं १९८८.

एस्टोनियन ही मातृभाषा असलेली माणसं जेमतेम दहा-अकरा लाख. एकट्या पुणे शहरात याच्या दुपटीहून जास्त माणसं राहतात. वाचक मोजून हिशेब मांडला असता, तर यातलं एकही पुस्तक निघालं नसतं. शिवाय रशियन सगळ्यांना शाळेत शिकावीच लागे. तिच्यावर भागलं असतं. पण भागवून घ्यायचं नाही, हाच बहुधा या माणसाचा हट्ट.

*

रशियन धम्मपद होतंही. १९६० मध्ये व्ही. एन. तोपोरोव यांनी केलेलं, ‘बिब्लिओथेका बुद्धिका’ या मालेत निघालेलं. ही माला १८९७ मध्ये पीटर्सबर्गला सुरू झाली आणि स्तालिनच्या काळात बंद पडली. जवळजवळ पाव शतकानंतर ती पुन्हा उघडली ती या धम्मपदानं. पुढे हेच तोपोरोव तार्तूच्या चिन्हमीमांसकांच्या वर्तुळातले झाले.

*

त्या पीटर्सबर्गला, म्हणजे तेव्हाच्या लेनिनग्राडला, १९२९ मध्ये आपले धर्मानंद कोसंबी पाली शिकवायला गेले होते. गोव्यातल्या सांखवाळचा माणूस, बौद्धविद्येचे पंडित श्चेरबात्स्की यांच्या गावी. कोसंबी परत आले. आठ वर्षांनी, १९३७ मध्ये, श्चेरबात्स्कींचे शिष्य आणि तिबेटीचे जाणकार वोस्त्रिकोव यांना गोळी घातली गेली. बौद्ध ग्रंथ वाचणं हा धोक्याचा धंदा ठरला होता. मॅल त्या पडझडीनंतरच्या पिढीतले.

*

तार्तूचं विद्यापीठ १६३२चं. १९६२ मध्ये मॅल तिथून इतिहास घेऊन बाहेर पडले. पण खरी शाळा विद्यापीठाबाहेर भरत होती. उकु मासिंग हे कवी, धर्मशास्त्राचे अभ्यासक, अनेक भाषांचे जाणकार. सोव्हिएत सत्ता आल्यावर धर्मशास्त्राची शाखाच बंद झाली, त्यामुळे मासिंगांना व्यासपीठ उरलं नाही; ज्याला शिकायचं त्यानं त्यांना गाठायचं. जर्मन अमलात याच माणसानं एका ज्यू विद्यार्थ्याला वाचवलं होतं. आपल्याकडे घरी पाठ घेणारे शास्त्री असत, त्यातलीच ही जात.

दुसरे पेंत नुर्मेकुंद. १९५५ मध्ये त्यांनी विद्यापीठात प्राच्यविद्येची एक छोटी खोली उभी केली. पुढे ती मॅल यांनी सांभाळली.

*

आणि तिसरे युरी लोतमान. मूळचे लेनिनग्राडचे; ज्यू असल्यानं तिथे नोकरी मिळेना, म्हणून तार्तूला आले आणि १९६४ पासून ‘चिन्हव्यवस्था’ या विषयावर निबंधमाला काढू लागले. वरून पाहता कोरडं, तांत्रिक काम. आत काय काय खपून जाई! १९६५ च्या खंडात मॅल यांचा एक लहानसा लेख आहे. त्याचं नाव ‘शून्य मार्ग’. लेखक तेव्हा सत्तावीस वर्षांचा.

हा लेख पॅरिसला चिन्हमीमांसक ज्यूलिया क्रिस्तेवा यांच्या नजरेत भरला. १९६८ मध्ये ‘तेल केल’ या तिथल्या नियतकालिकात मॅल यांचा शून्यवादावरचा लेख फ्रेंचमध्ये आला. शून्यवादाचा आचार्य नागार्जुन तार्तूमार्गे पॅरिसला पोहोचला, तेही रशियनमधून.

*

लेखाचा गाभा असा. ‘शून्यता’ या शब्दाचं युरोपीय भाषांतर म्हणजे बहुधा रितेपण, पोकळी. वाचणाऱ्याला वाटतं, हे लोक सगळं नाकारतात. मॅल म्हणाले, हा शब्द गणितातल्या शून्यासारखा वाचा. शून्यपण म्हणा.

मराठी वाचकाला यात काय नवल? शाळेत आकडे गिरवले तेव्हापासून आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द. आणि इथेच जरा थांबावंसं वाटतं. ‘शून्यात नजर लावून बसला’ म्हणताना आपण पोकळी म्हणतो. ‘शून्यातून उभं केलं’ म्हणताना आरंभ म्हणतो. एकावर शून्य दिलं की दहा होतात, तेव्हा ते काहीच नसूनही सगळ्यांची किंमत ठरवतं. तीन अर्थ एका शब्दात नांदतात आणि आपल्याला त्याची खबर नसते. ज्याला ही गोष्ट फुकट मिळाली नाही, त्यालाच तिची किंमत कळली.

*

एस्टोनियनमध्ये चौदा विभक्ती आहेत. लिंग नाही. ‘तो’ आणि ‘ती’ यांना एकच सर्वनाम. भविष्यकाळाचं वेगळं रूपही नाही. मराठीत लिंग ठरल्याशिवाय क्रियापद पाऊल टाकत नाही. ‘बोधिसत्त्व आला’ असं लिहिलं की तो पुरुष झालाच. एस्टोनियन भाषांतरकाराला ते ठरवावंच लागत नाही. प्रत्येक भाषेला अशी एखादी सवलत मिळालेली असते. भाषांतर करायला बसल्यावरच ती सापडते.

*

बुर्यातियाचे बिद्या दंदारोन. बौद्ध आचार्य, तिबेटी ग्रंथांचे अभ्यासक, स्तालिनच्या छावण्यांत दोनदा राहून आलेले. मॅल त्यांच्याकडे जात. १९७२ मध्ये दंदारोनना पुन्हा अटक झाली, पाच वर्षांची शिक्षा झाली. १९७४ मध्ये छावणीतच गेले. त्यांच्याभोवतीचे अभ्यासकही त्यात सापडले. मॅल यांचं शिकवणं बंद झालं.

आता वरची यादी पुन्हा वाचावी. धम्मपद १९७७, गीता १९८०, बोधिचर्यावतार १९८२. वर्ग काढून घेतला, तर या माणसानं सगळ्या देशाला वर्गात बसवलं.

*

सर्वांत जास्त वर्षं त्यांनी दिली ती अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेला. नाव आठ हजार श्लोकांचं, पण ग्रंथ गद्य आहे. बत्तीस अक्षरांचा एक श्लोक धरून लांबी मोजायची ही जुनी लेखनिकांची रीत. सुभूती बोलतो, शारिपुत्र शंका काढतो, मधूनच इंद्रही प्रश्न विचारायला येतो. आणि ग्रंथ पुन्हा पुन्हा स्वतःविषयी बोलतो : हे लिहून काढा, दुसऱ्याला द्या, स्तूप बांधण्याहून यात पुण्य जास्त.

मॅल यांनी नेमकं हेच धरलं. ग्रंथ म्हणजे सिद्धान्त सांगणारी वही नव्हे. वाचणाऱ्याच्या मनात विशिष्ट अवस्था निर्माण करणारं ते यंत्र. ‘धर्म’ या शब्दाचा एक अर्थच त्यांनी ‘संहिता’ असा लावला. वारकऱ्याला हे समजवायला नको. पारायण माहितीसाठी कोण करतो?

*

या ग्रंथाची संस्कृत संहिता १९६० मध्ये दरभंग्याहून छापली गेली. संपादक प. ल. वैद्य, म्हणजे आपले परशुराम लक्ष्मण वैद्य, पुण्याचे. त्याच मालेत बोधिचर्यावतारही त्यांनीच संपादला. पुण्याचा हा माणूस आणि तार्तूचा तो, दोघांचे हात त्याच दोन ग्रंथांवरून फिरले. मॅल यांचे अष्टसाहस्रिकेवरचे अभ्यासलेख २००३ मध्ये तार्तूला पुस्तकरूपात आले आणि दोन वर्षांत मोतीलाल बनारसीदास यांनी ते भारतात काढले. ग्रंथ फिरून घरी आला.

*

मराठीत धम्मपद वाचणारी माणसं १९५६च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीवस्तीत तयार झाली. विहारात, मोठ्यानं, सगळ्यांनी मिळून. एस्टोनियात ते एकेकट्यानं, दिव्याखाली, मनातल्या मनात. पहिल्या वाचनाला समाज होता, दुसऱ्याला नुसतं पुस्तक. दोन्हीकडे मात्र एक गोष्ट सारखी : पुस्तक आपल्या भाषेत असल्याशिवाय ते आपलं होत नाही.

*

१९९१, ११ फेब्रुवारी, हेग. ज्यांना संयुक्त राष्ट्रसंघात खुर्ची नाही अशा लोकसमूहांची एक संघटना तिथे स्थापन झाली. कल्पना ज्यांची, त्यांत तिबेटचे लोदी ग्यारी होते, उइघूरांचे एर्किन अल्पतेकिन होते आणि एस्टोनियाचे मॅल होते. सर्वसाधारण सभेचं अध्यक्षपदही मॅल यांच्याकडे आलं. संस्कृतचा अभ्यासक राजकारणात कसा, असं विचारायचं कारण नाही. दहा लाखांच्या भाषेत गीता आणणं हेच मुळात राजकारण होतं.

*

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एस्टोनिया स्वतंत्र झाला. ऑक्टोबरात दलाई लामा तिथे येऊन गेले.

देशाला राष्ट्रसंघात खुर्ची मिळाली, तसं त्या संघटनेच्या सदस्ययादीतून एस्टोनियाचं नाव गेलं. मॅल मात्र १९९३ पर्यंत अध्यक्ष राहिले. शांतिदेवाचा बोधिसत्त्व स्वतः पार होऊन मोकळा होत नाही, मागे राहिलेल्यांसाठी थांबतो. १९८२ मध्ये त्याला एस्टोनियन बोलायला लावणारा हाच.

यादीत तिबेटचं नाव राहिलं.